ढग कीं जमीन? विमानांतील रडारचें वाचन

मुंबई आणि नागपूर या दोन शहरांमध्यें नकाशावर पट्टीनें सरळ रेषा ओढली, तर ती जवळजवळ मध्यावर जालना जिल्ह्यांतील जाफराबाद या तालुक्याच्या गांवाजवळून जाते. पूर्णा व केळणा या नद्यांच्या संगमावर वसलेलें हें जुनें गांव आहे. त्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगरांची रांग, तर दक्षिणेस गोदावरीच्या खोऱ्याकडे उतरत जाणारें काळ्या जमिनीचें पठार. चैत्र-वैशाखांत दुपार कलली कीं या पठारावर वळवाचे ढग उभे राहूं लागतात. शेतकरी मान वर करून त्यांच्याकडे पाहतो आणि आज नुसता वारा सुटणार, पाऊस पडणार, कीं गारा येणार, याचा अंदाज बांधतो. त्याच वेळीं त्याच्या डोक्यावरून तीसबत्तीस हजार फूट उंचीवरून जाणारा वैमानिक तेच ढग एका लहानशा पडद्यावर वाचीत असतो. शेतकऱ्याला एक मोठी सोय आहे. ढग कोणता आणि डोंगर कोणता, हें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. वैमानिकाच्या पडद्यावर मात्र हे दोन्ही एकाच रंगांत उमटतात, आणि त्यांची निवड करणें हें त्याच्या कामांतील एक अवघड अंग आहे.

या पडद्याचें काम कसें चालतें, हें प्रथम पाहूं. विमानाच्या नाकाडांत, रेडिओलहरींना अडथळा न करणाऱ्या टोपीखालीं, सपाट थाळीसारखी एक ॲन्टेना बसविलेली असते. ती डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे सारखी फिरत असते, आणि सुमारें तीन सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरींचे तोकडे स्पंद समोर फेंकीत असते. वाटेंत पावसाचे थेंब लागले, तर त्या लहरींचा अत्यंत क्षीण अंश मागें फिरतो. हाच रडारचा पडसाद. साठ सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारें १११ किलोमीटरांवरून, पडसाद परत येण्यास सेकंदाच्या दहा हजार भागांपैकीं सातसाडेसात भाग लागतात. लागलेल्या काळावरून अंतर कळतें, ॲन्टेनाच्या तोंडावरून दिशा कळते, आणि पडसादाच्या जोरावरून पावसाचा जोर कळतो. हलका पाऊस पडद्यावर हिरवा, मध्यम पिवळा आणि जोराचा तांबडा दिसतो. जेथून कांहींच परत येत नाहीं, ती जागा काळी राहते.

परंतु रेडिओलहरींना पावसाशीं विशेष स्नेह नाहीं. त्या थेंबावरून परततात तशाच खडकावरून, घरांवरून आणि नांगरलेल्या ढेकळांवरूनही परततात. किंबहुना थेंबांपेक्षां जमिनीचा पडसाद पुष्कळदां अधिक जोरदार असतो. पडद्याला रंग भरण्यापुरता जोर कळतो. तो जोर कोणाचा, हें तो जाणत नाहीं. म्हणून वैमानिकाच्या समोर तांबडा डाग उमटला, तर तो गारांचा ढग असेल, किंवा निरुपद्रवी असें एखादें शहरही असेल.

या यंत्राचा इतिहासही याच दुहेरीपणाचा आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठांत रँडल व बूट या दोन शास्त्रज्ञांनीं १९४० सालीं अल्प लांबीच्या जोरदार लहरी निर्माण करणारी मॅग्नेट्रॉन नांवाची नळी सिद्ध केली, आणि त्यामुळें विमानांत मावेल असें रडार शक्य झालें. ब्रिटिश बाँबफेकी विमानांनीं १९४३ च्या जानेवारींत हॅम्बुर्गवरील हल्ल्यांत ज्या रडारचा प्रथम उपयोग केला, त्याचा हेतु अंधारांत व ढगांआडून जमीन पाहणें हाच होता. नदीचे कांठ, बंदरें आणि शहरें हीं त्याला हवीं होतीं. पावसाचा पडसाद ही त्याची अडचण होती. युद्धानंतरच्या दशकांत प्रवासी विमानांवर रडार चढलें तें वादळें टाळण्यासाठीं. तेव्हांपासून पाऊस हवा आणि जमीन नको, अशी उलट स्थिति झाली. यंत्र मात्र मूळचेंच राहिलें.

येथें कोणी विचारील, कीं जमीन नको असेल तर ॲन्टेनाचें तोंड वर करावें म्हणजे झालें. तसें करतां येत नाहीं, आणि याचें कारण ढगाच्या घडणींत आहे. उन्हाळ्यांतील वळवाचा ढग चाळीस हजार फुटांच्या वर जातो. परंतु आपल्या प्रदेशांत सुमारें सोळा ते अठरा हजार फुटांच्या वर गोठणबिंदूचें राज्य सुरू होतें. त्याच्या फार वरचा ढगाचा भाग मुख्यत्वें बर्फाच्या कणांचा असतो, आणि कोरडा बर्फ रडारला फार थोडा पडसाद देतो. ढगाचें ओलें, जोरदार पडसाद देणारें अंग खालीं असतें. तीस हजार फुटांवरून जाणाऱ्या वैमानिकानें झोत सरळ समोर ठेवला, तर तो ढगाच्या कोरड्या माथ्यावरून निघून जाईल, आणि पडद्यावर भयंकर ढगाच्या जागीं फिकट हिरवा डाग दिसेल, किंवा कांहींच दिसणार नाहीं. म्हणून झोत थोडा खालीं कलवावाच लागतो. आणि खालीं कलविला कीं कोठें तरी तो जमिनीला लागतोच. जमिनीचा पडसाद हा यंत्राचा दोष नसून, ढग नीट पाहण्याची ती किंमत आहे.

हा कल किती असावा, याचें गणित शाळेंतल्या मुलालाही करतां येण्याजोगें आहे. सागरी मैलांतील अंतर, कलाचे अंश आणि शंभर यांचा गुणाकार केला, कीं झोत तितके फूट खालीं गेला असें समजावें. जमिनीपासून तीस हजार फुटांवर असलेल्या विमानानें पांच अंश खालीं कल दिला, तर साठ गुणिले पांच गुणिले शंभर, म्हणजे तीस हजार. झोताचा मध्य साठ सागरी मैलांवर जमिनीस टेंकेल. पृथ्वीच्या गोलाईमुळें यांत थोडा फरक पडतो, परंतु विमानांतील कामास एवढा हिशेब पुरतो. मात्र झोत म्हणजे ताणलेली दोरी नव्हे; विजेरीच्या झोताप्रमाणें तो पुढें पुढें रुंदावत जातो. मोठ्या प्रवासी विमानांत तो तीन ते साडेतीन अंश रुंद असतो. त्याच गणितानें साठ सागरी मैलांवर त्याची रुंदी एकवीस हजार फूट, म्हणजे सहा किलोमीटरांहून अधिक होते. त्यामुळें जमीन एका बिंदूवर न लागतां विमानासमोर एका रुंद चापाच्या आकाराच्या पट्ट्यांत उमटते.

आतां एक विमान नागपुराहून मुंबईकडे जातां जातां जाफराबादच्या वर आलें आहे, असें समजा. विमान ज्या गांवावर असतें तें गांव पडद्यावर नसतें, कारण रडार पुढेंच पाहतें. जाफराबादची संगमभूमि मागें पडत आहे, आणि समोर सुमारें पाऊणशें किलोमीटरांवर, किंचित् डावीकडे, छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, आहे. या शहराचा डाग आसपासच्या शेतांहून उजळ व भडक दिसण्याचा संभव फार. याचें कारण कॅरम खेळणाऱ्याला चटकन् समजेल. सोंगटी कोपऱ्याजवळच्या एका कडेवर तिरकी लागली, तर ती दुसऱ्या कडेवर आपटून आल्या वाटेला समांतर अशी परत फिरते. शहरांतील उभ्या भिंती व सपाट रस्ते, कारखान्यांच्या पत्र्यांच्या बाजू व अंगणें यांचे काटकोन असेच लहरींना आल्या दिशेस परतवितात. खेड्यांतील विखुरलेलीं घरें तितका जोर दाखवूं शकत नाहींत.

त्याच वेळीं डावीकडे पुढें, साठएक सागरी मैलांवर, पैठणजवळचा नाथसागर असतो. जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें, आणि गोदावरीचें पाणी पन्नासएक किलोमीटर लांबीच्या जलाशयांत पसरलें. एवढें मोठें पाणी पडद्यावर काळें दिसतें, हें ऐकून आश्चर्य वाटेल. परंतु रात्रीं शांत तळ्यावर तिरकी विजेरी धरून पाहावी. प्रकाश आरशावरून सरकल्याप्रमाणें पलीकडे निघून जातो आणि पाणी काळेंच राहतें. पलीकडचा कांठ मात्र उजळतो. रडारलाही संथ पाणी असेंच दिसतें: आंत काळोख, आणि कडेला किनाऱ्याची स्पष्ट रेघ. वारा सुटून लाटा उठल्या, तर त्या खडबडीत पृष्ठावरून थोडा पडसाद येऊं लागतो. काळ्या जमिनीचेंही रूप ऋतूप्रमाणें बदलतें. पाऊस पिऊन ओली झालेली माती कोरड्या मातीपेक्षां अधिक जोराचा पडसाद देते.

डोंगरांची खूण निराळी. अजिंठ्याच्या रांगेसारखी कडा झोताकडे तोंड करून उभी असली, तर तिची समोरची बाजू उजळते आणि मागच्या दरींत झोत पोंचत नसल्यानें काळी सांवली पडते. विमान उंचावर असतां ही सांवली आंखूड असते. खालीं उतरत असतां ती लांबते. उलट, कांहीं प्रसिद्ध स्थळें पडद्यावर मुळींच ओळखूं येत नाहींत. जाफराबादच्या पूर्व-आग्नेयेस सुमारें पंचावन्न ते साठ किलोमीटरांवर लोणारचें विवर आहे. डोळ्यांना तें वाटोळें विवर विमानांतून सहज ओळखतां येतें. परंतु त्याचा व्यास सुमारें १·८ किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरावर झोताची रुंदी तीन किलोमीटरांहून अधिक. जो कुंचला चित्रापेक्षां रुंद, त्यानें तें चित्र कसें काढावें? रडारवर ओळखूं येतें तें प्रसिद्ध नव्हे, तर मोठें आणि भोंवतालापासून वेगळ्या स्वभावाचें.

ढग व जमीन यांची निवड करण्याच्या कसोट्या या सर्व विवेचनावरून निघतात. पहिली कसोटी कलाची. वैमानिक झोत थोडाथोडा वर उचलतो. वर सांगितलेल्या उदाहरणांत कल पांच अंशांवरून दोन अंशांवर आणला, तर साठ मैलांवर झोताची खालची कडासुद्धां जमिनीच्या बरीच वर राहते. तेथील जमीन पडद्यावरून पुसली जाते, आणि जो डाग टिकून राहतो तो उभ्या ढगाचा असतो. मात्र ही परीक्षा झाल्यावर झोत पुन्हां योग्य जागीं आणावा लागतो. तो वरच विसरला, तर जमिनीबरोबर ढगही दिसेनासा होईल.

दुसरी कसोटी गतीची. सपाट प्रदेशावरून जातांना जमिनीचा चाप विमानाबरोबरच पुढें सरकतो. साठ मैलांवर असला तर दहा मिनिटांनंतरही साठ मैलांवरच असतो, कारण तो झोताच्या कलानें ठरलेला आहे. ढग मात्र मिनिटास सातआठ मैल या वेगानें जवळ येतो. शहर व डोंगर हेही जवळ येतात, परंतु त्यांच्या जागा नकाशावर ठरलेल्या असतात. तिसरी कसोटी आकाराची. वळवाच्या ढगाच्या डागांत बाहेर हिरवा, आंत पिवळा आणि गाभ्यांत तांबडा अशी चढती मांडणी असते. जमिनीचे रंग विस्कळित, ठिपक्याठिपक्यांचे व कडेला तुटक असतात. वळण घेत असतां एकाच बाजूस जमीन भडक उमटूं लागली, तर ॲन्टेना क्षितिजाशीं समतोल ठेवणाऱ्या यंत्रणेंत बिघाड झाल्याची शंका घ्यावी.

येथपर्यंत जमिनीचा पडसाद हा दूर सारण्याचा त्रास आहे, असें वाटेल. परंतु कुशल वैमानिक त्याला साक्षीदार म्हणूनही वापरतो, आणि या विषयाचा खरा गाभा तेथेंच आहे. तीन सेंटिमीटरांच्या लहरी जोरदार पावसांतून जातांना झपाट्यानें क्षीण होतात. पाऊस अतिशय दाट असला, तर झोताची सारी शक्ति पुढच्या भागांतच खर्च होते; पलीकडे काय आहे, याची वार्ता आणण्यास लहर परत येतच नाहीं. पडद्याला परत न आलेली लहर व मोकळें आकाश यांतील भेद कळत नाहीं. तो दोन्ही ठिकाणीं काळाच राहतो. म्हणजे वादळाचा सर्वांत भयंकर भाग ज्या ढगामागें दडलेला आहे, त्या ढगामागेंच मोकळी वाट असल्याचा आभास होतो.

हा आभास किती प्राणघातक ठरूं शकतो, हें ४ एप्रिल १९७७ रोजीं अमेरिकेंत दिसलें. सदर्न एअरवेजचें डी. सी. ९ जातीचें एक विमान हंट्सव्हिलहून अटलांटाकडे जात असतां प्रचंड वादळांत शिरलें. पाणी व गारा यांच्या माऱ्यानें त्याचीं दोन्ही इंजिनें बंद पडलीं. जॉर्जिया राज्यांतील न्यू होप या गांवीं रस्त्यावर विमान उतरविण्याचा वैमानिकांनीं प्रयत्न केला. परंतु तें कोसळलें, आणि जमिनीवरील नऊ लोकांसह ७२ माणसें मृत्युमुखीं पडलीं. चौकशींत वादळाविषयीं ताजी माहिती वेळेवर न पोंचणें, तसेंच वादळी प्रदेशांतून वाट काढण्यासाठीं विमानांतील रडारवर भिस्त ठेवणें, हीं सहाय्यक कारणें म्हणून नोंदलीं गेलीं. या अपघातापासून पावसानें गिळलेल्या झोताचा धडा वैमानिकांच्या शिक्षणांत ठळकपणें दिला जाऊं लागला.

त्या धड्यांत जमीन उपयोगी पडते ती अशी. ढग समोर असतां वैमानिक मुद्दाम झोत खालीं करून ढगाच्या आजूबाजूची व पलीकडची जमीन पडद्यावर आणतो. ढगाच्या दोन्ही बाजूंस जमीन दिसत आहे आणि ढगाच्या मागेंही दिसत आहे, तर झोत पार गेला; त्या ढगाचे रंग विश्वासार्ह आहेत. परंतु बाजूंस जमीन आहे आणि नेमकी ढगाच्या मागें पाचरीसारखी काळी जागा आहे, तर ती वाट नव्हे. ती सांवली आहे. झोत तेथें पोंचलाच नाहीं. अशा काळ्या पाचरीच्या दिशेनें विमान नेऊं नये, असा सक्त नियम आहे. हीच काळी जागा नाथसागरासारख्या जलाशयाची तर नव्हे ना, हेंही ओळखतां येतें. जलाशय आपली जागा सोडीत नाहीं. सांवली मात्र नेहमीं ढगाला चिकटून, विमानाच्या विरुद्ध बाजूस पडते, आणि विमान बाजूनें सरकूं लागलें कीं समईमागच्या सांवलीप्रमाणें तीही फिरते.

जमिनीच्या पडसादावर भलताच विश्वास टाकणेंही तितकेंच घातक. पडद्यावर डोंगर दिसतो म्हणून डोंगरावरून सुखरूप जाण्याइतकी उंची आहे कीं नाहीं, हें हवामानदर्शक रडार सांगूं शकत नाहीं. अनेक हजार फूट रुंद झालेला झोत शिखराची उंची मोजण्याचें साधन नव्हे. १९६२ च्या जुलैंत मुंबईस उतरण्यास येत असलेलें अलिटालियाचें डी. सी. ८ विमान रात्रीं जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर आदळलें आणि त्यांतील सर्व ९४ माणसें प्राणांस मुकलीं. सह्याद्रीच्या अशा डोंगरांपासून बचाव करण्याचें काम किमान सुरक्षित उंचीचे नियम व १९७० नंतरच्या दशकांत विमानांत आलेलें भूसान्निध्यसूचक यंत्र यांचें आहे. रडारच्या पडद्यावरील डोंगर ही फार तर नकाशाशीं ताडून पाहण्याची खूण होय.

या शतकांतील नव्या रडारांनीं वैमानिकाचा भार पुष्कळ हलका केला आहे. तीं आपला कल आपणच बदलून वेगवेगळ्या उंचीचे छेद घेतात, सांठविलेल्या भूपृष्ठाच्या नकाशाशीं पडसाद ताडून पाहतात आणि जमीन पडद्यावरून वगळतात. कांहीं यंत्रें झोत कोठें क्षीण झाला तें रेघा ओढून दाखवितातही. तरीही जमिनीचा एखादा तुकडा वगळावयाचा राहतो, आणि वैमानिकास हातानें कल देऊन खात्री करावी लागते. यंत्रानें जमीन पुसली म्हणून ती ओळखण्याची विद्या पुसून चालत नाहीं.

मराठवाड्याला ही विद्या अगदींच परकी नाहीं. २०१५ व २०१९ या सालांच्या पावसाळ्यांत औरंगाबादहून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. त्यांसाठीं शहरांत रडार बसविण्यांत आलें, आणि इतर विमानें ज्या ढगांना टाळतात तसल्यांच्याच शोधांत तेथून विमान उडालें. जमिनीवरील रडारलाही जवळच्या टेंकड्यांचे पडसाद येतात. त्यांतून पाणी देणारा ढग वेगळा काढणें हें तेथील निरीक्षकाचें काम होतें. आणि ज्या गारांना वैमानिक भितो, त्याच २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यांत व २०१८ च्या फेब्रुवारींत जालना जिल्ह्यांत उभ्या पिकांवर कोसळल्या, हें येथील शेतकरी विसरलेला नाहीं.

तीव्र वादळापासून निदान वीस सागरी मैल दूर राहावें, असा वैमानिकांचा संकेत आहे. जेट विमान एवढें अंतर अडीच-तीन मिनिटांत तोडतें. म्हणून डाग कशाचा, हा निर्णय त्याच्या किती तरी आधीं झाला पाहिजे. जाफराबादच्या परिसरावरून जाणारें एखादें विमान वैशाखांतल्या संध्याकाळीं सरळ मार्ग सोडून वळसा घेतें, तेव्हां आंतल्या प्रवाशास उशीर होतो, याखेरीज कांहीं जाणवत नाहीं. त्या वळशामागें मात्र एक वाचन झालेलें असतें: हिरव्या-तांबड्या डागांतून जमीन वजा करून ढग ओळखण्याचें, आणि काळ्या जागेंत मोकळें आकाश कोणतें व न परतलेल्या लहरीची सांवली कोणती, हें ठरविण्याचें. ज्याला जमीन वाचतां येते, त्यालाच या पडद्यावर आकाश वाचतां येतें.